जैसे थे

गॅसमामाला कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर तो म्हणायचा, "चालतो." समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहायचा. पुढचा शब्द नसायचाच. सकाळी एका व्हॉल्व्हच्या ठाण्यापासून निघायचं, दुसऱ्या ठाण्यापर्यंत जायचं आणि तीच वाट तुडवत परत यायचं. अंगात नारिंगी जाकीट, हातात काठी, कमरेला एक डबी. मामा कुठवर पोचला ते ही डबी ऑफिसात कळवायची. तो झाडाखाली घटकाभर टेकला की ऑफिसातल्या पडद्यावरचा ठिपकाही टेकायचा, आणि लगेच फोन यायचा, "काय मामा, पाय दुखले का?"

तो ज्याच्यावरून चालायचा तो गॅसचा नळ जमिनीखाली होता. दूरच्या बंदरातून गॅस यायचा, दूरच्या कारखान्यांना जायचा, आणि मधे ज्यांच्या परसाखालून जायचा त्यांच्या चुलीला त्यातली एक फुंकरही मिळायची नाही. नळाच्या दोन्ही अंगांना थोडी थोडी जमीन धरलेली, तिला सगळे पट्टा म्हणायचे. पट्ट्यातली जमीन मालकाच्याच नावावर राहते. फक्त तिच्यावर भिंत उभारायची नाही, विहीर खणायची नाही, खोल मुळांचं झाड लावायचं नाही. कायद्याने याला 'वापराचा हक्क' असं सोज्वळ नाव दिलंय. वापर कंपनीचा, हक्कही कंपनीचा. मालकाला उरतं ते कागदावरचं नाव आणि पट्ट्यात उगवलेलं गवत.

हा कायदा काही मामाने केला नव्हता, पण शिव्या त्यालाच बसायच्या. कायदा करणारे वस्तीत कधी दिसले नाहीत. दिसायचा तो नारिंगी जाकीटवाला. त्याचं काम म्हणजे बघणं. कुणी पट्ट्यात खणतंय का, कुठे गवताचा एखादाच तुकडा पिवळा पडलाय का, डबक्यात उगाच बुडबुडे येतायत का. मोठ्या नळातल्या गॅसला वास नसतो, तो पुढे घराघरांत जाण्याआधी घालतात. त्यामुळे नाकाचा उपयोग नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर. मामाने ते डोळ्यांत तेल घालून केलं. त्याच्या टप्प्यात कधी काही फुटलं नाही, पेटलं नाही. हे आपल्या चालण्याने झालं असं तो मानायचा, आणि या एका गोष्टीचा त्याला गर्व होता. आधी तो खोके बनवायच्या कारखान्यात होता. तिथे दिवसभर केलेलं काम संध्याकाळी ट्रकमध्ये भरून निघून जायचं. इथलं काम डोळ्यांना दिसत नव्हतं, पण त्याच्या मते ते माणसांना जिवंत ठेवत होतं.

पट्ट्यात बांधकाम पाडण्याचीही एक रीत होती आणि ती वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. जोत्यापर्यंत काम दिसलं की मामा फोटो काढून पाठवायचा, कंपनीची माणसं यायची, जोतं उखडून जायची. पण एकदा का वर छप्पर चढलं आणि दाराला कडी लागली, की मग ते घर झालं. घराला हात लावायचा तर कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टात गेलं की पोरं म्हातारी होतात. म्हणून पट्ट्यात ज्याला बांधायचं असेल तो दोनच गोष्टींची चौकशी करायचा: सिमेंट कुठे मिळेल आणि मामा रजेवर कधी जाणार.

यात सगळ्यांत पुढे बेकरीवाला. त्याची भट्टी पट्ट्यात, भट्टीमागची खोली पट्ट्यात, खोलीमागचा संडासही पट्ट्यात.

"मामा, लेकीचं लग्न कधी काढताय?" तो भर रस्त्यात विचारायचा. "अख्खी वस्ती खोळंबलीय हो."

"लग्नाला बोलावीन की."

"बोलावू नका. फक्त चार दिवस जा. आहेर इथे बसून देतो."

"तुझी भट्टी कुठे आहे माहितीय ना तुला? खाली गॅस, वर जाळ. एक दिवस वस्तीसकट भाजून निघशील."

"तुमच्या तोंडात साखर पडो," बेकरीवाला म्हणायचा आणि हसत निघून जायचा. मामा त्याला मनातून पाण्यात पाहायचा.

मामाच्या जवळचं माणूस म्हणजे आक्का. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, तेव्हा या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं. स्वतः शाळा सोडली आणि त्याला शाळेत बसवलं. शिवणाचं मशीन घेतलं, शर्टांच्या कॉलरी शिवायला लागली, आणि नवरा केला, नवरा गेला, मुलगा मोठा झाला, सून आली तरी कॉलरीच शिवत होती. दुकानदार कापलेलं कापड आणून टाकायचा आणि शिवलेल्या कॉलरी घेऊन जायचा. हजारो पुरुषांच्या मानेभोवती आक्काचे टाके होते आणि त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती.

राहायची मुलाकडे. घर दोन खोल्यांचं. आक्काचं मशीन बोळकांडीत, चपलांच्या फळीशेजारी. दिवसा तिथे शिवायचं, रात्री मशीन भिंतीला सारून तिथेच अंथरूण घालायचं. सून वाईट नव्हती. घर लहान होतं. लहान घरात चांगली माणसंसुद्धा एकमेकांना टोचतात. सून भांड्यांचा आवाज जरा मोठा करायची, आक्का मशीन जरा जोरात चालवायची, आणि भाचा दोघींच्या मधे पेपर उघडून बसायचा. बोळकांडीत उजेड नव्हता. आक्का काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवायची तेव्हा बोटांनी चाचपून टाका घालायची.

तिच्या नवऱ्याने वस्तीच्या कडेला जमिनीचा एक चिंचोळा तुकडा घेऊन ठेवला होता. त्या तुकड्यावर एक खोली बांधायची, तिला मशीनच्या उंचीची मोठी खिडकी ठेवायची आणि मरेपर्यंत तिथे एकटीने कॉलरी शिवायच्या, एवढंच आक्काला हवं होतं. दुसरं काही तिने आयुष्यात मागितलं नाही. हेही मागितलं नाही, स्वतःच जमवलं.

त्या वर्षी दुसऱ्या टप्प्यावरच्या गस्तवाल्याचा पाय मोडला आणि कंपनीने मामाला तिकडे बदलीवर पाठवलं. इथल्या टप्प्यावर ठेवलेला माणूस खाली मान घालून मोबाइल बघत चालायचा. डबीचा ठिपका हलत होता, ऑफिस खूश होतं. मामा परत आला त्याच संध्याकाळी आक्काने त्याचा हात धरून त्याला ओढतच नेलं.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"आक्का, या वयात?"

"मीट म्हटलं ना."

त्याने मिटले. उघडले तेव्हा समोर खोली होती. वर पत्रा, पुढे दार, दाराला कडी, आणि एका बाजूला हिरवी रंगवलेली खिडकी. आत मशीनसाठी जागा आखून ठेवलेली. आक्का खिडकीशी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तुला मुद्दाम कळवलं नाही," ती म्हणाली. "आणि घाबरू नकोस, मी तुझाच नियम पाळलाय. तू नेहमी सांगतोस ना, पिवळ्या खांबापासून लांब राहा. तो बघ खांब कुठे आणि मी कुठे. मुद्दाम पार दुसऱ्या टोकाला बांधलीय."

मामाच्या पायाखालची जमीन सरकली. नळाची खूण म्हणून कंपनी लावते तो पिवळा खांब नेमका नळावर नसतो. कुणाच्या गाडीची धडक बसू नये म्हणून तो बांधाच्या कडेला पुरतात, आणि नळ तिथून बाजूला वळून जातो. हे प्रत्येक गस्तवाल्याला इतकं ठाऊक असतं की ते बोलून दाखवायचं कुणाच्या मनात येत नाही. जेवताना, गप्पा मारताना मामा वर्षानुवर्षं खांबापासून लांब राहा असं सांगत आला होता. खांब कुठे आणि नळ कुठे, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. आक्काने त्याचा शब्द प्रमाण मानून खांबापासून लांब जात जात खोली नेमकी नळाच्या डोक्यावर आणली होती.

"काय रे?" आक्काने विचारलं. "रंग आवडला नाही?"

तो खिडकीखाली बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. बदलीवर जाण्याच्या थोडं आधी मामाला एक शंका आली होती. ठाण्यात नळ जमिनीतून वर येतो, तिथे एक मोठा व्हॉल्व्ह आहे. रोज निघताना मामा त्या उघड्या नळावर तळहात ठेवायचा. आत गॅस धावत असला की लोखंड बारीक थरथरतं, मांजराच्या पाठीसारखं. एके सकाळी ते थरथरलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मामाने सुपरवायझरला विचारलं, "साहेब, नळ गप्प का आहे?"

सुपरवायझर चहा पीत होता. "तुला पगार चालायचा मिळतो की ऐकायचा?" तो म्हणाला. मग जरा सौम्य होऊन म्हणाला, "दाब कमीजास्त होतो रे. तू चाल."

मामा चालला. पुढे त्याने नळावर हात ठेवणंच सोडून दिलं. शंका त्याने मनाच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवली, आणि त्या कोपऱ्याकडे तो पुन्हा वळला नाही.

तर आक्काने सगळं ऐकून घेतलं. छप्पर चढलेलं, कडी लागलेली. आता कंपनीलाही कोर्टात जावं लागलं असतं. हे तिलाही माहीत होतं, मागोमाग आलेल्या भाच्याला तर चांगलंच माहीत होतं.

"राहू दे, मामा," भाचा म्हणाला. "बेकरीवाल्याची भट्टी राहते, मग आईची खोली का नाही? तू फोटोच काढू नकोस. कोण येतंय बघायला?"

"मी येतोय ना रोज बघायला," मामा म्हणाला. "रोज खिडकीतून आक्का दिसेल आणि खाली नळ. मी झोपू कसा?"

"तुझ्या झोपेसाठी आईने बोळकांडीत मरायचं का?"

भाचा बोलला ते काही खोटं नव्हतं. मामाला राग आला. आक्का मात्र शांत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"जिवाला धोका आहे?"

"आहे."

"नक्की?"

"आक्का, रोज वरून चालतो मी."

"मग पाडू या," आक्का म्हणाली.

नोटीस आली नाही, कोर्ट लागलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आक्काने स्वतःच्या पैशाने मजूर लावून स्वतःची खोली पाडली. खिडकी तेवढी अख्खी काढून घेतली आणि बोळकांडीत भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यातून भिंतच दिसायची. सुनेने त्या दिवशी भांडीसुद्धा हळू घासली.

कंपनीला हे फारच आवडलं. एक फोटोग्राफर आला, त्याने आक्काला पडलेल्या विटांशेजारी उभं करून हसायला सांगितलं, आणि 'स्वतःहून पट्टा मोकळा करणाऱ्या जागरूक नागरिक' असं छापलेलं पोस्टर ठाण्याच्या भिंतीवर लागलं. मामा रोज सकाळी त्या पोस्टरसमोरून निघायचा. आक्काला हसता आलेलं नव्हतं. तोंडावरच्या उन्हामुळे डोळे बारीक झाले होते, ते लांबून हसल्यासारखे दिसायचे.

आणि आक्काने काय करावं? तिने रडगाणं गायलं नाही. कॉलरी घ्यायला येणाऱ्या दुकानदाराला, पाणी भरायला येणाऱ्या बायकांना, ज्याला त्याला ती सांगायची, "खाली मरण होतं. माझ्या भावाने मला वाचवलं." इतक्या वेळा सांगितलं की ते तिचं तिलाही पटलं. भाऊ समोर असला तर जरा जास्तच मोठ्याने सांगायची. मामा खाली बघायचा, पण त्याला ते ऐकावंसं वाटायचं, हेही खरं.

पुढच्या वर्षी कंपनीने पट्ट्यातल्या सगळ्या घरांना नोटिसा काढल्या. वस्ती कोर्टात गेली. बेकरीवाला पुढारी झाला. त्यांनी एक वकीलबाई गाठली. काळ्या कोटाची शिवण काखेत उसवलेली, आवाज बसका, पण डोकं धारदार. कंपनीचा वकील वातानुकूलित गाडीतून यायचा आणि वकीलबाई मागच्या सीटवर फायली धरून बेकरीवाल्याच्या मोटारसायकलवरून.

कंपनीने साक्षीला दोघांना बोलावलं: आधी गस्तवाला मामा, मग इंजिनिअर. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कॉलर आक्काने शिवलेली. कोर्टाची खोली म्हणजे उंच पंखे, पोपडे धरलेला चुना आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली सगळी ओळखीची तोंडं. एकही तोंड त्याच्याकडे बघून हसलं नाही.

मामाने शपथ घेतली. कंपनीच्या वकिलाने विचारलेलं सगळं त्याने नीट सांगितलं: नळ कुठून जातो, धोका काय, गवत पिवळं पडतं ते कसं. मग वकीलबाई उठल्या.

"मामा, नळात गॅस आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"रोज वरून चालतो, बाई."

"वरून चाललं की खालचं कळतं?"

बाकांवर खसखस पिकली. बेकरीवाला मोठ्याने खोकला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं तशी खोली गप्प झाली.

"मी साधं विचारतेय," वकीलबाई म्हणाल्या. "आज त्या नळात गॅस आहे का, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

मामाच्या तळहाताला ठाण्यातलं ते थंड लोखंड आठवलं. क्षणभरच. समोर बेकरीवाला बसला होता, ओठ मुडपून, वाट बघत. मामाला वाटलं, आता चाचरलो तर हा माणूस जन्मभर हसेल.

"आहे," तो म्हणाला. "गॅस आहे."

त्याला जाऊन बसायला सांगितलं. तो शेवटच्या बाकावर बसला. इंजिनिअर पुढे आला. त्यालाही वकीलबाईंनी तोच प्रश्न केला, पण दुसरीकडून.

"तिकडे मोठ्या कोर्टात तुमच्या कंपनीचं आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीचं भांडण चालू आहे. बरोबर?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"तिथे तुमच्या कंपनीवर आरोप आहे की नळाची सक्तीची तपासणी केली नाही. त्यावर तुमच्या वकिलांनी तिथे काय सांगितलं? नळ चालू नाही, म्हणून तपासणीची सक्ती आम्हाला लागू नाही. सांगितलं की नाही?"

इंजिनिअरने पाणी मागितलं. कंपनीचा वकील हरकत घ्यायला उठला, बसला, पुन्हा उठला. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"सध्या... पुरवठा स्थगित आहे," इंजिनिअर म्हणाला.

"नळात काय आहे?"

"नायट्रोजन. गंजू नये म्हणून भरून ठेवलाय."

"पेटतो?"

"नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. उन्हाळ्याच्या आधीपासून."

आक्काची खोली उन्हाळ्यात बांधून झाली होती.

म्हणजे एका कोर्टात सांगायचं, नळ मेलेला आहे, आम्हाला नियम लावू नका. आणि दुसऱ्या कोर्टात सांगायचं, नळ जिवंत आहे, यांची घरं पाडा. एकाच कंपनीची दोन तोंडं, दोन्ही शपथेवर. आणि मधे एक बाई पोस्टरवर उन्हाने डोळे बारीक करून उभी. कायद्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते कुणाला ठाऊक. वस्तीत याला जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

दुपारी हुकूम झाला. मोठ्या कोर्टातलं भांडण मिटेपर्यंत पट्ट्यात सगळं जैसे थे. जे उभं आहे ते कुणी पाडायचं नाही. जे उभं नाही ते कुणी नव्याने बांधायचं नाही. आणि कंपनीने गस्त चालू ठेवायची.

बाहेर व्हरांड्यात बेकरीवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. मामा गर्दीच्या कडेने वकीलबाईंपाशी गेला.

"बाई, माझ्या बहिणीची खोली होती. तिने मागच्या वर्षी पाडली. आता बांधता येईल?"

वकीलबाईंनी फायली बगलेत सारल्या. "तिने पाडली? स्वतःहून?"

"मी सांगितलं म्हणून."

"पाडली नसती तर आज राहिली असती," त्या म्हणाल्या. "आता हुकमाच्या दिवशी जे होतं तेच धरतात. तिथे आज काय आहे?"

"गवत."

"मग गवत."

या भांडणाला किती वर्षं लागतील, असंही त्याने विचारलं. त्यांनी बहिणीचं वय विचारलं, आणि मामाने सांगितल्यावर त्या मान हलवत पायऱ्या उतरून गेल्या.

फाटकाशी बेकरीवाल्याने मोटारसायकल त्याच्याजवळ आणून उभी केली. "बसा मामा मागे. आज तरी चालू नका. नळ रिकामाय, तुमचे पाय कशाला झिजवता?"

मामा न बघता पुढे गेला. मोटारसायकली धुरळा उडवत वस्तीकडे निघाल्या. निम्मा रस्ता गेल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की ही सगळी आता आक्काच्या दारावरूनच जाणार. हिच्या भावाची फजिती झाली हे तिला सांगितल्याशिवाय यांना घास गिळवणार नाही. तिला हे आधी आपल्या तोंडून कळायला हवं होतं. तो पळायला लागला. जन्मभर नाकासमोर चाललेल्या माणसाला पळता येत नव्हतं. काठी पायात यायची, धाप लागायची, आणि लोक वळून बघायचे.

तो पोचला तेव्हा बायका दारातून पांगत होत्या. त्याला बघून त्यांनी वाट दिली. बोळकांडीत आक्का मशीनसमोर बसली होती. मशीन बंद. हातात कागदावर केकचा तुकडा. बेकरीवाल्याने विजयाचा केक घरोघरी वाटला होता आणि तिलाही दिला होता, वस्तीतलीच म्हणून.

"बस," ती म्हणाली. "केवढा घामाघूम झालायस."

तो चपलांच्या फळीशेजारी जमिनीवर बसला.

"ते येऊन गेले," आक्का म्हणाली. "म्हणाले, नळ रिकामाच होता, तुमची खोली फुकट गेली. मी म्हटलं, असं कसं होईल? माझा भाऊ रोज तिथून चालतो. रिकामा असता तर त्याने मला आधी सांगितलं असतं. बरोबर बोलले ना मी?"

मामाने मान हलवली.

"मग ती पाणी भरणारी म्हणाली, त्याला ठाऊकच असणार, नोकरीसाठी गप्प बसला असेल. मी तिला चांगली फाडून खाल्ली. म्हटलं, माझ्या भावाबद्दल माझ्याच दारात उभी राहून बोलू नकोस." तिने केकचा कागद गुडघ्यावर ठेवला. "तुला ठाऊक नव्हतं ना?"

"नव्हतं," मामा म्हणाला.

शब्द यायला हवा होता त्याहून जरासा उशिरा आला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्याला बोलायला शिकवलं होतं ते या बाईने. कुठल्या शब्दाला त्याची जीभ अडते आणि कुठल्याला मन, हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. दुकानदार कापड टाकून गेला की ती ते उलटं करून आतली बाजू बघायची, तसं बघितलं. आजवर तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

लोखंड थंड होतं, मी विचारलं होतं, दटावल्यावर गप्प बसलो, मी पुन्हा विचारायला हवं होतं. हे सगळं सांगायला त्याने तोंड उघडलं. तो म्हणाला, "जेवलीस का?"

"हो."

आत स्वयंपाकघरात सून भाजी चिरत होती. जेवणाला अजून अवकाश होता. दोघांनाही ते दिसत होतं.

थोड्या वेळाने मामा उठला. बूट घालायला वाकला तेव्हा मागून आक्काचा आवाज आला, अगदी हळू, सुनेला ऐकू जाऊ नये असा.

"खरंच नव्हतं ना रे?"

"खरंच, आक्का."

या वेळी शब्द वेळेवर आला. ते त्याचं त्यालाच जास्त लागलं.

त्याने एका बुटाची नाडी बांधली. ती सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाचीही तशीच. आणखी एकदा विचारलं तर सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. तो दारात काठीला रेलून बराच वेळ उभा राहिला.

तिने विचारलं नाही.